न भरलेल्या अकरा फुल्या

एडना हेवर्थला मी गेली नऊ वर्षं रोज बघतो. उत्तर इंग्लंडातल्या एक्लस गावी, आमच्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत तिचं दार माझ्या दारासमोर आहे. सकाळी साडेदहाला तिची किटली शिट्टी घालते आणि मी माझा कप घेऊन, सहज इकडून चाललो होतो अशा थाटात, तिच्या दारात उभा राहतो. या नऊ वर्षांत तिनं कुणावर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. गेल्या मार्चमध्येसुद्धा तिनं तो चढवला नाही. चढला तो माझा. ते सगळं मी लिहून ठेवतो आहे, कारण ज्यांनी ते लिहायला हवं होतं त्यांनी आधी चुकीचं लिहिलं आणि मग अर्धवट लिहिलं.

सुरुवात माझ्यापासूनच झाली, याची मला लाज वाटते. फेब्रुवारीत मिस्टर हॉल्रॉइड माझ्याकडे आले. ते शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. कोटाच्या कॉलरवर ‘रॉलिक’चा बिल्ला. ‘रॉलिक’ म्हणजे आमच्या लहानपणचं मुलांचं कॉमिक. दर गुरुवारी निघायचं. सॅल्फर्डच्या एका छापखान्यात ते तयार व्हायचं आणि उत्तर इंग्लंडातल्या प्रत्येक घरात टेबलाखाली लपून वाचलं जायचं. पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून हॉल्रॉइड आणि त्यांचं चाहत्यांचं मंडळ गावच्या वाचनालयात प्रदर्शन भरवणार होतं, आणि फीत मी कापावी अशी त्यांची इच्छा होती. पन्नासच्या दशकात मी नाट्यगृहांतून विनोदी कामं करत होतो, तेव्हा ‘रॉलिक’मध्ये दोन वर्षं माझ्या नावानं अर्धं पान येत असे. त्यात मी दर आठवड्याला शिडीवरून पडायचो. मला अकरा वर्षांत कुणी काही कापायला बोलावलं नव्हतं. पायाची नखं सोडली तर माझ्या हातात कात्री आलेली नव्हती. मी लगेच हो म्हणालो.

जाताना हॉल्रॉइड प्रदर्शनाची छापील पुस्तिका देऊन गेले. ती उघडली आणि मी पुन्हा आठ वर्षांचा झालो. ते कुबट कागद, ती पसरलेली शाई, चिप्सच्या व्हिनेगरचे डाग पडलेली पानं. आई हाक मारायची आणि मी शेवटचं चित्र संपेपर्यंत ऐकू न आल्याचं सोंग करायचो. रंगमंचावर पडायचं कसं, उठायचं कसं आणि उठण्याआधी किती थांबायचं, हे मी त्या पानांवरूनच शिकलो. त्या पानांशी मी आजही कृतघ्न होणार नाही. पण मी हसत हसत ती पुस्तिका घेऊन समोरच्या दारात गेलो, आणि तिथं माझं हसू संपलं.

पुस्तिकेच्या मधल्या पानावर प्रदर्शनाचं मुख्य आकर्षण छापलं होतं. ‘रॉलिक’मध्ये ट्रीकल नावाचा एक काळा पोरगा असायचा. ट्रीकल म्हणजे काकवी. कोळशासारखं तोंड, बशीएवढे ओठ, बटबटीत डोळे. तो कलिंगड चोरायचा, भुताला घाबरायचा आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कुणाचा तरी मार खायचा. त्याच्यावर आम्ही सगळे हसलो आहोत. १९५६च्या उन्हाळ्यातल्या एका अंकात मात्र ट्रीकलचा चेहरा पांढराच छापला गेला. तो अंक आता संग्राहकांत फार दुर्मीळ झाला आहे. त्याचं मूळ हातानं काढलेलं पान हॉल्रॉइडांना मिळालं होतं आणि खाली लिहिलं होतं: ‘रॉलिकच्या इतिहासातली सर्वांत गमतीदार चूक. सुट्टीच्या घाईत एका पेंगुळलेल्या पोरीकडून ट्रीकलचं तोंड रंगवायचंच राहिलं.’

एडनानं चष्मा लावला. वाचलं. मग तिनं कप बशीत ठेवला. तो इतक्या हळू ठेवला की आवाजच झाला नाही.

“पेंगुळलेली?” ती म्हणाली. “टॉमी, मी आयुष्यात तेवढी जागी कधीच नव्हते.”

नऊ वर्षं मी तिच्याकडे चहा पीत होतो. तिनं ट्रॅफर्ड पार्कच्या एका इंजिनच्या कारखान्यात एकतीस वर्षं शाईनं यंत्रांचे नकाशे गिरवले, हे मला माहीत होतं. नवरा वॉल्टर बसवर कंडक्टर होता आणि त्याला बीट आवडत नसे, हेही माहीत होतं. पंधराव्या वर्षी ती ‘रॉलिक’च्या चित्रखात्यात होती, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं म्हणा. मी बहुतेक वेळ माझ्याबद्दल बोलत असतो.

तेव्हा ती एडना रेनर होती. तिचे वडील थिओफिलस रेनर सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनचे. बोटीवर भट्टीत कोळसा टाकता टाकता सॅल्फर्डच्या गोदीत उतरले, मॉली नावाच्या आयरिश मुलीशी लग्न केलं आणि मग समुद्रावर परत गेलेच नाहीत. एडना त्यांची एकुलती एक. शाळेत तिचं नाव एडना नव्हतंच. ट्रीकल होतं. गुरुवारी अंक आला की शुक्रवारी पोरं त्यातला नवा मार तिच्यावर करून बघायची. बोटाला थुंकी लावून तिचा गाल घासायची आणि रंग निघतो का ते बघायची. आणि तरीही, हे ती मान खाली घालून म्हणाली, ती ‘रॉलिक’ वाचायची. ट्रीकलचं पान मिटून बाकीचं सगळं वाचायची. तिला ती चित्रं आवडायची. तशी चित्रं आपल्याला काढता आली तर, असं तिला वाटायचं.

तिचा हात फार नीट होता. शाळेच्या बाईंनी तिची वही छापखान्यात पाठवली आणि तिला काम मिळालं. चित्र काढायचं नव्हे, भरायचं काम. चित्रकार फक्त रेघा काढायचे. जिथं काळं हवं तिथं फिकट निळ्या पेन्सिलीनं एक फुली मारून ठेवायचे, कारण तो निळा रंग छपाईच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. मग ते पान भरणाऱ्या मुलींकडे यायचं. फुली दिसली की ब्रशनं काळी शाई भरायची, रेघेच्या बाहेर जाऊ द्यायची नाही. शिपायाचा कोट, मांजर, बूट, रात्रीचं आकाश, जिथं फुली तिथं शाई.

ट्रीकलच्या तोंडावरही फुली असायची. प्रत्येक चित्रात.

“चौदा महिने भरली मी ती तोंडं,” एडना म्हणाली. “दर आठवड्याला आठ-नऊ. नवी मुलगी म्हणून मुद्दाम ते पान मलाच द्यायचे. म्हणायचे, एडनाला रंग जुळवायला आरसा पुरे.”

मी कप हातात तसाच धरून बसलो होतो. ती म्हणाली, निवतोय, चहा घे.

तिचे वडील दर शुक्रवारी तिला घ्यायला यायचे. शुक्रवारचे कपडे वेगळे: इस्त्रीचा कोट, आणि पट्ट्यात हिरवं पीस खोवलेली तपकिरी टोपी. ती टोपी ते शनिवारी ब्रशनं साफ करायचे, रविवारी प्रार्थनेला घालायचे आणि शुक्रवारी मुलीसाठी. छापखान्याच्या फाटकाबाहेर सरळ उभे राहायचे, आत यायचे नाहीत. ट्रीकलचा चित्रकार, रेजी पॉन्सफर्ड नावाचा, दर वेळी खिडकीतून त्यांना बघायचा. एडना सांगते की तो वाईट माणूस नव्हता. तिच्या वाढदिवसाला त्यानं तिला स्वतःचा एक जुना ब्रश दिला होता. हे सांगितल्याशिवाय ती पुढं गेली नाही. मी असतो तर सांगितलं नसतं.

ऑगस्टमध्ये वेक्सची सुट्टी लागायची. आमच्याकडच्या लोकांना ती सांगायला नको. गिरण्या, कारखाने, छापखाने, सगळ्यांना एकाच आठवड्यात कुलूप, आणि अख्खं गाव समुद्रावर. त्यामुळं आधीच्या आठवड्यात दोन अंकांची पानं काढावी लागायची. त्या घाईत भरलेलं पान पुन्हा तपासायला कुणाला सवड नसे. मुलीच्या टेबलावरून ते थेट ठसे बनवणाऱ्यांकडे जायचं.

त्या शुक्रवारी दुपारी पॉन्सफर्डनं तिच्यापुढं ट्रीकलचं नवं पान टाकलं. ट्रीकलचा बाप बोटीवरून घरी येतो, अशी गोष्ट होती. बापालाही तसेच ओठ, तसेच डोळे, नाकात हाड आणि पाठीवरच्या बोचक्यात माणसं शिजवायचं पातेलं. डोक्यावर पट्ट्यात पीस खोवलेली टोपी.

“ओळखलीस का टोपी?” तो म्हणाला. “तुझ्या बापाचीच आहे. सांग त्याला, प्रसिद्ध केलं मी त्याला.”

तो खरोखर खुश होता, एडना म्हणते. तिला भेट दिल्यासारखा.

ती टेबलाशी बसली. सगळं भरलं. शिपायाचे बूट, मांजर, जहाजाचं धुराडं, बापाचा कोट, सगळं. टोपी तर तिनं तीनदा शाई चढवून भरली. पीस सुटं दिसावं म्हणून कडेला केसाएवढी पांढरी रेघ ठेवली. चेहरे मात्र तिनं तसेच सोडले. सात ट्रीकलचे, चार त्याच्या बापाचे. अकरा निळ्या फुल्या. मग ब्रश धुतला, पान गठ्ठ्यावर ठेवलं, कोट घातला आणि बाहेर आली. फाटकाशी वडील उभे होते, टोपी घालून. ती त्यांचा हात धरून चालत गेली, जे तिनं दहा वर्षांची झाल्यापासून केलं नव्हतं.

अंक निघाला. मुलांची पत्रं आली, ही गोरी माणसं कोण म्हणून. तिला त्याच दिवशी काढलं. पुढच्या अंकात संपादकानं खुलासा छापला की ट्रीकल पिठाच्या पिंपात पडला होता, हा हा हा. त्यानंतर दुसरी कुणी मुलगी ती तोंडं भरू लागली. सोळा वर्षांच्या पोरीनं जे एक ‘नाही’ म्हटलं होतं, त्याचाही त्यांनी एका आठवड्यात विनोद केला. मी चाळीस वर्षं विनोदावर जगलो आहे. विनोद कशाचा होतो आणि कुणाच्या जिवावर होतो, हे मला समजत नाही असं कुणी म्हणू नये. ते ऐकून माझी कानशिलं तापली.

वडिलांनी तो अंक विकत घेतला. एडनानं त्यांना सगळं सांगितलं, नोकरी गेली तेही. त्यांनी चष्मा लावला, पान खिडकीशी नेलं आणि बराच वेळ बघितलं. आई स्वयंपाकघरातून म्हणत होती की आता पुढं काय, आता पोरगी काय करणार. वडील शेवटी एवढंच म्हणाले, “टोपी चांगली भरलीस, एडी.”

हे ऐकल्यावर मला माझीही गोष्ट सांगणं भाग होतं. त्याच वर्षी, सॅल्फर्डमध्येच, उन्हाळ्याच्या कार्यक्रमात मी तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून, काळ्या माणसाचं सोंग घेऊन बँजो वाजवत होतो. बारा आठवडे, दिवसाला दोन खेळ. मी तिला म्हणालो की हे तुला माहीत असायला हवं.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “आम्ही बघायला आलो होतो. आईला गाणी आवडायची. तुझा डावा कान पांढरा राहिला होता, अरे. मी अख्खा खेळभर तो कानच बघत होते.”

छप्पन्न वर्षं तिनं तो कान मनात ठेवला आणि नऊ वर्षं मला चहा दिला. मी उठून खिडकीशी गेलो. ती म्हणाली की आता नाटकं नकोत, बस.

तिला हवं होतं ते फार थोडं होतं. त्या पानाखाली ‘चूक’ असं लिहू नये, आणि ‘पेंगुळलेली’ असं लिहू नये. बाकी प्रदर्शन त्यांनी खुशाल भरवावं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वाचनालयात गेलो. हॉल्रॉइड शिडीवर होते, चौकटी टांगत होते. मी ओळख करून दिली, आणि एडनानं सगळं सांगितलं, मला सांगितलं त्याहून निम्म्या शब्दांत.

हॉल्रॉइड खाली उतरले. त्यांचे डोळे पाण्यानं भरले. मला वाटलं, झालं, माणूस भला आहे. त्यांनी एडनाचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “म्हणजे तुम्हीच ती मुलगी? अहो, आम्ही वीस वर्षं तुम्हाला शोधतोय. तुम्ही अंकांवर सह्या कराल का? ‘पेंगुळलेली पोरगी’ असं लिहून खाली नाव घातलंत तर लोक वेडे होतील.”

एडनानं हात सोडवून घेतले. तिनं विचारलं की मी आत्ता काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंत का. त्यांनी ऐकलं होतं. त्यांना फार वाईट वाटत होतं. पण पुस्तिका छापून झाल्या होत्या. शिवाय लोक इथं बालपण आठवायला येणार, त्यांना आपण खटल्याला बोलावल्यासारखं व्हायला नको. आणि कुणाच्या मनात तेव्हा काही वाईट नव्हतं, त्या काळी सगळे असंच काढायचे, सगळ्यांना ती गंमतच वाटायची.

माझा आवाज चढला तो इथं. मी म्हणालो की त्या काळी ही बाईसुद्धा होती. तिला तसं वाटत नव्हतं. तिच्या वडिलांना वाटत नव्हतं. गोदीजवळच्या तीन गल्ल्या भरून माणसं होती ज्यांना तसं वाटत नव्हतं. मग ‘सगळे’ म्हणजे कोण, हॉल्रॉइडसाहेब? तुम्ही आणि मी? वाचनालयातल्या बाईंनी मला हळू बोलायला सांगितलं. मी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलायला शिकलेला माणूस, मला हळू येत नाही. काउंटरवर त्यांनी विकायला भांडी पुसायची फडकी मांडली होती, प्रत्येकावर ट्रीकलचं हसरं तोंड. त्या बशीएवढ्या ओठांनी कुणीतरी आपल्या ताटल्या पुसणार होतं, बालपणाची आठवण म्हणून.

घरी येताना मी एडनाला सांगितलं की उद्घाटनाला मी असं भाषण करीन की हॉल्रॉइडांना तोंड लपवायला जागा उरणार नाही.

“भाषण करू नकोस,” ती म्हणाली. “कात्री हातात धर आणि गप्प उभा राहा. जमेल?”

शनिवारी सकाळी अकराला वाचनालय भरलं होतं. माझ्या वयाची माणसं, त्यांची मुलं, दोन वर्तमानपत्रवाले. मी फितीपाशी गेलो, कात्री उघडली आणि गप्प उभा राहिलो. आयुष्यात मी केलेलं सर्वांत अवघड काम ते. अर्ध्या मिनिटानं लोक चुळबुळू लागले. एक मिनिटानं हॉल्रॉइड माझ्या कानाशी येऊन विचारू लागले की बरं नाही का. तेव्हा एडना फितीखालून वाकून पलीकडे गेली, ट्रीकलच्या मूळ पानापुढं उभी राहिली आणि जवळच्या लोकांना म्हणाली की जरा पुढं या, दुरून दिसत नाही.

ते पुढं आले. तिनं नकाशे समजावून सांगायच्या सुरात बोट ठेवलं. हे बूट बघा. शाई रेघेच्या बाहेर कुठं गेली आहे का? नाही. हे मांजर बघा, एकेक मिशी वेगळी. ही टोपी बघा, पिसाच्या कडेची रेघ बघा. झोप आलेल्या मुलीला हे जमेल का? आता चेहरे बघा. काचेच्या अगदी जवळ जा. फिकट निळं काही दिसतं का?

एक म्हातारी काचेला नाक लावून मोजू लागली. तिच्या ओठांवरून आकडे कळत होते. अकराला ती थांबली.

“भरणारी मुलगी मी होते,” एडना म्हणाली. “ही टोपी माझ्या वडिलांची.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते बरं झालं. तिनं पर्समधून एक बोटभर उरलेली निळी पेन्सिल काढली, जी ती नकाशांच्या दिवसांपासून बाळगते. चौकटीखालच्या छापील कार्डावर तिनं दोन फुल्या मारल्या. एक ‘चूक’वर, एक ‘पेंगुळलेल्या’वर. मग माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी फीत कापली.

पुढच्या आठवड्यात कार्ड बदललं. मी बघायला गेलो. आता लिहिलं होतं की हे चेहरे भरणाऱ्या मुलीनं मुद्दाम कोरे सोडले होते, असं एडना हेवर्थ यांचं म्हणणं आहे. म्हणणं आहे. अकरा फुल्या काचेमागं डोळ्यांना दिसताहेत, आणि हे म्हणे तिचं म्हणणं. ट्रीकल पिठाच्या पिंपात पडला हे संपादकाचं म्हणणं मात्र शेजारच्या चौकटीत कुणाचंही म्हणणं नव्हतं, ती वस्तुस्थिती होती. मी तावातावानं परत आलो आणि एडनाला सांगितलं. तिनं कोट घातला, बस पकडली, पेन्सिल काढली आणि ‘असं म्हणणं आहे’वर फुली मारून परत आली. तोवर माझा रागसुद्धा पुरता निवला नव्हता.

दोन दिवसांनी साडेदहाला, मी कप घेऊन निघालो तर तिच्या दारात हॉल्रॉइड उभे होते. बिल्ला नव्हता. हातात एक कोरं जाड कार्ड होतं. ते म्हणाले की फडकी त्यांनी काउंटरवरून काढली आहेत, आणि फुली मारलेल्या जागी काय भरायचं ते त्यांना कळत नाही, ते तिनंच सांगावं. एडनानं त्यांना बसायला सांगितलं. माझ्याकडे बघून म्हणाली की टॉमी, तिसरा कप तुझ्याकडून आण, माझ्याकडे एकच आहे.

मी कप घेऊन आलो तेव्हा ती टेबलाशी वाकली होती. पॉन्सफर्डनं दिलेला ब्रश तिनं इतकी वर्षं जपून ठेवला होता, तोच हातात होता. बहात्तर वर्षांची बाई, पण शाई रेघेच्या बाहेर कुठं गेली नाही. ते कार्ड आज त्या पानाखाली आहे:

‘या पानावरचे अकरा चेहरे एडना रेनर हिनं भरले नाहीत. टोपी तिनं भरली.’